श्रीखंडाच्या डब्यातलं पाणी

माझ्याकडे रजईच्या दहा सुया आहेत. नऊ रिकाम्या, एक ओवलेली. त्या एकीला मी हात लावत नाही. परवा उशीची खोळ उसवली तर सेफ्टी पिना लावून तशीच डोक्याखाली घेतली, पण ती सुई काढली नाही. समोरच्या घरची पोरगी म्हणाली, "बाई, आणा इकडं, मी ओवून देते दुसरी." मी म्हटलं, "राहू दे वं. माझी उशी, मला टोचते." ती हिरमुसून गेली. माझा स्वभाव पहिल्यापासून तिरसट, आणि आता घरात दुसरं कोणी नाही, म्हणून तो शेजाऱ्यांवर निघतो.

सांगायचं आहे ते भाबीचं. भाबी ही माझी भिंतीला भिंत लागून असलेली शेजारीण. मुसलमान, त्यातही पिंजाऱ्याच्या घरची. तिच्या अंगणात पत्र्याच्या छपराखाली रुई पिंजायची मशीन होती आणि तिचा नवरा ती चालवायचा. आम्ही बौद्ध. माझ्या आजोबांनी छप्पन साली दीक्षा घेतली, तेव्हापासूनचे. मी अंगणवाडीत होते, म्हणून आमचं अर्धं आर्णी गाव मला बाई म्हणतं. भाबीही बाईच म्हणायची. दिवाळी झाली की लोक जुन्या रजया डोक्यावर घेऊन, फटफटीवर बांधून तिच्या दारात आणून टाकायचे. तिचा नवरा ती दगड झालेली रुई पिंजून फुलवायचा, मी अंगणवाडी सुटल्यावर खोळी शिवायची, आणि मग दोरे घालायला आम्ही दोघी बसायचो. असे तीस हिवाळे गेले.

रजईला दोरे घालणं हे एकटीचं काम नाही. भरलेली रजई ताडपत्रीवर पसरायची, काठीनं ठोकून रुई सारखी करायची, खडूनं रेघा मारायच्या. मग एकीनं या काठाला बसायचं, दुसरीनं त्या काठाला, आणि टाके घालत घालत मधोमध यायचं. एकीनं दोरा जास्त ओढला आणि दुसरीनं ढिला सोडला की रजईला चुण्या पडतात आणि गिऱ्हाईक तोंड वाकडं करतं. पहिल्या वर्षी आमच्या फार चुण्या पडल्या. मी ओढणारी, ती ढिली सोडणारी. तिचा नवरा म्हणाला होता, "या दोघीच्या रजईत माणूस झोपला तं अर्धा गरम, अर्धा थंडा." पुढं हात जुळले. इतके जुळले की पुरी झालेली रजई उचलली तर माझे टाके कुठं संपले आणि तिचे कुठून सुरू झाले, ते आमचं आम्हाला सांगता यायचं नाही.

रजईचा दोरा जाड, सुताचा. त्याचं टोक तोंडात धरून ओलं करायचं, दोन बोटांत पिळायचं आणि नेढ्यात घालायचं. आम्हाला दुसरी रीत माहीत नव्हती. माझी नजर चाळिशीच्या आधीच गेली, त्यामुळे ओवायचं काम भाबीचं. कामाला बसली की ती आधी दहा सुया ओवून ठेवायची, पाच तिच्या, पाच माझ्या, आणि चिंध्यांच्या गोळ्यात टोचून गोळा मधात ठेवायची. टाका संपला की मी दोरा दातानं तोडायची. म्हणजे तिच्या तोंडातून निघालेला दोरा माझ्या तोंडात यायचा. तीस वर्षांत हे माझ्या ध्यानातसुद्धा आलं नव्हतं. चहाच्या कपाचा विचार माणूस करतो, पाण्याच्या गिलासाचा करतो. दोऱ्याचा कोण करतं?

टीव्ही आधी त्यांच्याकडं आला. संध्याकाळी मी तिच्या घरी जायची, काहीतरी निवडायला घेऊन, मेथी नाहीतर तुरीच्या शेंगा, आणि आम्ही मालिका पाहायचो. मालिकेत मोलकरीण आली, दात पुढं, बोलणं गावंढळ, की भाबी मला कोपर मारायची. "पाह्य वं बाई, तुही मावशी आली भांडे घासाले." थोड्या वेळानं डोळ्यांत सुरमा घातलेला, गळ्यात ताईत बांधलेला गुंड आला की मी म्हणायची, "आन् हा पाह्य तुहा मामा. आज सुरा घरीच इसरला वाटते." तिचा मामा सायकलवर कंगवे आणि टिकल्या विकायचा. त्यानं आयुष्यात कांद्याशिवाय काही कापलं नसेल. माझी मावशी जिल्हा परिषदेच्या शाळेत मुख्याध्यापिका होती आणि तिच्याच घरी भांडी घासायला बाई होती. आम्ही इतक्या हसायचो की भाबीचा नवरा बाहेरून विचारायचा, ही मालिका रडायची आहे की हसायची.

एकदा मात्र हसण्यावारी नेता येऊ नये असं झालं. जयंतीच्या मिरवणुकीच्या आदल्या दिवशी भाबी भर दुपारी माझ्याकडं आली. चेहरा उतरलेला. बसली नाही, उभ्यानंच म्हणाली, "बाई, एक विचारू? राग नोको मानू." तिच्या सुनेच्या मोबाईलवर कुठल्यातरी दूरच्या गावचा व्हिडिओ आला होता. निळे झेंडे, गर्दी, फुटलेली दुकानं. सून घाबरून म्हणत होती की मशीनला कुलूप घाला, आपण दोन दिवस माझ्या माहेरी जाऊ. भाबी म्हणाली, "खरं सांग, तुहे लोक आमच्या दारावर गोटे मारतीन का?"

मला आधी राग आला. मग तिचा चेहरा पाहून हसू आलं. मी म्हटलं, "भाबी, उद्या समोर ढोल वाजवणारा माहा भाचा हाये. त्याले सोताचं ताट उचलाचा कंटाळा येते, तो गोटा कधी उचलन?" ती माझ्याकडं पाहत राहिली आणि मग तीही हसली. दुसऱ्या दिवशी मिरवणूक गेली तेव्हा पदर सावरून दारात उभी होती. संध्याकाळी मला सांगितलं की तुझ्या भाच्याला ताल कळत नाही. मी हा प्रसंग लवकरच विसरून गेले. ती विसरली नव्हती, हे मला फार उशिरा कळलं.

माझा नवरा गेला आणि वर्षभरात मुलगा नोकरीला पुण्याला गेला. मला घेऊन गेला होता तोही, पण मी पंधरा दिवसांत परत आले. तिथं जिन्यात कोणी भेटलं तर मान हलवतात आणि दार लावून घेतात. एका बाईला मी विचारलं, आज काय भाजी केली, तर ती घाबरली. परत आले तेव्हा मुलानं मोठा टीव्ही घेऊन दिला आणि हातात मोबाईल दिला. म्हणाला, "आई, आता तुला करमेल." तेव्हापासून मी माझ्या घरात पाहायला लागले. भाबीच्या घरीही तोवर ज्याच्या त्याच्या हातात मोबाईल आला होता. भिंतीपलीकडून तिच्या मोबाईलचा आवाज मला यायचा, माझ्या टीव्हीचा तिला जात असेल. पाहत दोघीही होतो, पण कोपर मारायला शेजारी कोणी नव्हतं.

खोटं कायले बोलू, मला त्या टीव्हीची सवय लागली. तोवर मी निवृत्तही झाले होते. दिवस दिवस घरात शब्द पडायचा नाही. संध्याकाळी चर्चा लागायची, चार चौकोनांत चार माणसं, सगळी एकदम बोलणारी. समजायचं काही नाही, पण घरात माणसं भांडत आहेत असं वाटायचं, आणि भांडणारं का होईना, घर भरलेलं वाटायचं. फोडणी घालता घालता मी त्यांना उत्तरंसुद्धा द्यायची. ते काय बोलतात इकडं आपलं लक्ष नाही, असा माझा समज होता. पण रोज एक थेंब पडला तर दगडालाही खळगा पडतो, माझं तर डोकं. "ते लोक", "ते लोक" ऐकून ऐकून मला पाठ झालं. तोच टीव्ही आमच्याबद्दलही बोलायचा. आमचं कोणी मेलं तर बोलायचा, नाहीतर आम्ही फुकटचं खातो म्हणून बोलायचा. तेव्हा मी चिडून आवाज बंद करायची. भाबीच्या लोकांबद्दल बोलायचा तेव्हा आवाज तसाच राहू द्यायची. हा फरक मला तेव्हा दिसला नाही.

आमच्या विहारातल्या बायांचा मोबाईलवर एक ग्रुप आहे. वंदना किती वाजता, खीरदानाला कोण काय आणणार, असं त्यावर येतं. एक दिवस त्यावर व्हिडिओ आला. रोट्या भाजणारा एक दाढीवाला माणूस रोटी तोंडाजवळ नेतो आणि भट्टीत टाकतो. खाली लिहिलेलं, पाहा हे लोक थुंकून खाऊ घालतात, पुढं पाठवा. पाठवणारी बाई माझ्या मांडीला मांडी लावून पंचशील म्हणणारी. मी तो तीनदा पाहिला. माणूस थुंकला, की त्यानं फुंकर मारली, की नुसताच वाकला, काही कळत नव्हतं. चौथ्यांदा पाहिला तेव्हा मला तो थुंकतानाच दिसला. मी तो पुढं पाठवला नाही, आणि त्याचं मला माझंच मोठं कौतुक वाटलं होतं.

त्याच हिवाळ्यात पुण्याला नातू झाला. आर्णीत पहिल्यांदा मी सांगितलं ते भाबीला. ती म्हणाली, "लेकराची रजई माह्याकडून. बाजारची नोको आणू, तिच्यात काय भरलं राह्यते अल्ला जाने." तिनं नव्या वेचणीची रुई आणवली. मशीनमध्ये घालायच्या आधी चार दिवस उन्हात बसून त्यातला पानांचा चुरा आणि काडी-कचरा हातानं वेचून काढला. मी म्हटलं, एवढं कायले, मशीन काढते ना कचरा. तर म्हणाली, "लेकराचं आंग कवळं राह्यते. टोचन त्याले." खोळीसाठी मी माझी धुऊन धुऊन मऊ झालेली सुती साडी फाडली. आणि एका दुपारी माझ्या अंगणात ताडपत्री टाकून आम्ही बसलो. रजई एवढीशी होती की समोरासमोर बसलं तर गुडघ्याला गुडघा लागत होता.

भाबीनं पहिली सुई घेतली आणि दोऱ्याचं टोक तोंडात धरलं. तीस वर्षं धरायची तसंच. आणि मला तो रोटीवाला दिसला.

"थांब वं," मी म्हटलं आणि उठून स्वयंपाकघरात गेले. समोर मांडणीवर स्टीलच्या वाट्या ओळीनं होत्या. माझा हात तिकडं गेला नाही. खालच्या फळीवर श्रीखंडाचा रिकामा प्लास्टिकचा डबा होता, खिळे आणि रबर ठेवायला धुऊन ठेवलेला. तो घेतला, त्यात पाणी घातलं आणि आणून तिच्यापुढं ठेवला. म्हटलं, "यात भिजव. लेकराचं हाये ना." अंगणवाडीतल्या पोरांना हात धुऊन या म्हणायची, त्याच आवाजात म्हटलं.

भाबीनं दोरा तोंडातून काढला. डब्याकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं नाही. टोक पाण्यात बुडवलं. नुसत्या पाण्यानं सुताचा दोरा फुगतो, तंतू सुटे होतात, नेढ्यात जाता जात नाही. ती बराच वेळ एक एक सुई ओवत राहिली आणि मी बसून पाहत राहिले. मग आम्ही टाके घातले. मधोमध पोचलो की शेवटची गाठ नेहमी ती मारायची, माझी गाठ सुटते म्हणून माझा हात बाजूला सारून मारायची. त्या दिवशी तिनं दोरा माझ्याकडं सरकवला. उठताना साडी झटकली आणि म्हणाली, "झाली तुमची रजई." तीस वर्षांत ती मला पहिल्यांदा तुम्ही म्हणाली.

ती गेल्यावर मी डबा उचलला. पाणी कढीपत्त्याच्या झाडाला टाकावं म्हणून दोन पावलं गेले आणि तिथंच उभी राहिले. मला माझे आजोबा आठवले.

आजोबा जे सांगायचे ते त्यांनी त्यांच्या आजोबांकडून ऐकलेलं होतं. एक काळ असा होता म्हणे, की आपल्या माणसानं रस्त्यानं जायचं तर गळ्यात गाडगं बांधून जायचं. थुंकी आली तर त्या गाडग्यात टाकायची. जमिनीवर पडली तर जमीन बाटते. हे सांगून झालं की आजोबा उठायचे, अंगणाच्या मधोमध उभे राहायचे आणि खाकरून मोठ्यानं थुंकायचे. आजी कावायची की आत्ताच तर सारवलं होतं. आजोबा म्हणायचे, "आपली थुंकी आपल्या जमिनीवर पडते का, हे मधामधात पाहून घ्या लागते." आम्ही पोरं खिदळायचो. मी तर त्यांच्या बाजूला उभी राहून, कमरेवर हात ठेवून थुंकायची. त्या म्हाताऱ्याची मी नात, आणि मी भाबीपुढं डबा आणून ठेवला होता.

मला माझीच किळस आली. त्याच पावली जायला पाहिजे होतं. भिंतीपलीकडंच तर जायचं होतं. मी गेले नाही. उद्या जाऊ म्हटलं. मग म्हटलं, तिला कळलंही नसेल. मग म्हटलं, मी काय वाईट बोलले, लेकराच्या स्वच्छतेचंच तर बोलले. माणूस स्वतःची वकिली करायला लागला की त्याला साक्षीदार कमी पडत नाहीत. असे दोन दिवस गेले.

तिसऱ्या दिवशी भाबी गिऱ्हाइकाची रजई घेऊन आपणहून आली. बाजारातून सुई ओवायची पत्र्याची चकती आणली होती, तिला बारीक तार असते. तार नेढ्यातून घालायची, तारेत दोरा अडकवायचा आणि ओढून घ्यायचा. तोंड नको, पाणी नको. "हे बरं हाये," ती म्हणाली. "साफ काम." मी हो म्हटलं.

ती तो सगळा हिवाळा आली, पुढचाही आली. नातवाची खुशाली विचारायची, कापसाला काय भाव निघाला ते सांगायची. चहा ठेवू का म्हटलं तर म्हणायची, नको, आत्ताच घेतला. भांडली असती तर बरं झालं असतं. आमच्या गल्लीत माणसं भांडतात, चार दिवस तोंड फिरवतात आणि पाचव्या दिवशी साखर मागायला येतात. या तिच्या शहाण्यासारख्या वागण्याला कुठून हात घालावा, ते मला कळत नव्हतं. एका रजईला बसून मला इतकं एकटं वाटू शकतं, हे मला माहीत नव्हतं. हात मात्र जुळलेलेच होते. त्या दोन हिवाळ्यांत एका रजईला चुणी पडली नाही.

नातवाची रजई पुण्याला गेली ती कपाटात गेली. मुलगा फोनवर म्हणाला, "आई, इथं एवढी थंडी नसते गं. आणि तुझ्या सुनेला रेडीमेड बरं पडतं धुवायला." मी बरं म्हटलं. भाबीनं विचारलं तेव्हा सांगितलं की नातू त्या रजईशिवाय झोपत नाही.

मग भाबीच्या नवऱ्याला दम लागायला लागला. जन्मभर रुईची धूळ नाकातोंडात गेलेली. रजया आणणारी माणसंही कमी झाली होती, आता सगळे बाजारातून ब्लँकेट आणतात. मशीन भंगारात गेली. तिचा मुलगा वणीला कोळशाचा ट्रक चालवतो, त्यानं तिथं खोली केली होती. बायकोला तर आधीच घेऊन गेला होता. आता म्हणाला, तुम्ही दोघंही चला. मागच्या फाल्गुनात त्यांचं जायचं ठरलं.

टेम्पो दारात लागला त्या सकाळी मी चिंध्यांचा गोळा आणि दहा सुया घेऊन तिच्याकडं गेले. आठवडाभर मनात एकच घोळत होतं. तिनं एकदा, माझ्यासमोर, दोरा तोंडात धरावा. मग जाऊ दे वणीला नाहीतर कुठंही. आत सामान बांधणं चालू होतं आणि ती उंबऱ्यावर बसली होती. मी म्हटलं, "भाबी, जायच्या आंधी मले दहा सुया ओवून दे. तू गेल्यावर कोण देईन?"

"द्या," ती म्हणाली. गोळा मांडीवर घेतला आणि कमरेच्या पिशवीतून ती पत्र्याची चकती काढली.

"तिनं नोको वं," मी म्हटलं. "पयल्यासारखी ओव. तोंडानं."

"आता ते सवय नाही राह्यली, बाई." आणि तिनं तार नेढ्यात घातली.

तेव्हा मी बोलले. दोन वर्षं राहून गेलेलं उभ्या उभ्या बोलले. "माहं चुकलं, भाबी. मोबाईलवर एक व्हिडिओ आलता, रोटीवाल्याचा. त्यानं माहं डोस्कं फिरवलं."

"मी बी पाह्यलता तो," ती म्हणाली. "तुम्ही डब्बा आणून ठेवला, तवाच समजली मी."

"मंग बोलली काहून नाही?"

"काय बोलू? मी थुकत नाही म्हणू? दोरा तं माह्या तोंडातच होता."

तिच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर त्याला धरून मी आणखी काहीतरी बोलले असते, रडले असते, तिचे हात धरले असते. तिनं तीन सुया ओवल्या. चौथी हातात घेतली आणि तेव्हा मान वर करून माझ्याकडं पाहिलं.

"त्या साली मिरवणुकीच्या आंधी आमच्या घरी बी तुह्या लोकायचा व्हिडिओ आलता. सून रडून राह्यली होती. तं मी तुह्या घरी आलती. तुले विचारलं. विचारलं का नाही?"

"विचारलं."

"मंग तू काहून नाही विचारलं मले?"

टीव्हीतल्या चार माणसांना मी रोज फोडणी घालता घालता उत्तरं देत होते, आणि भिंतीपलीकडच्या एका बाईला एक प्रश्न विचारला नाही. भाबीनं मान खाली घातली आणि उरलेल्या सुया ओवल्या. दहा झाल्यावर गोळा माझ्या हातात दिला आणि म्हणाली, "तब्येतीले जपा." मुलानं हाक मारली. ती टेम्पोत पुढं बसली, नवऱ्याला हात देऊन वर घेतलं. टेम्पो वळेपर्यंत मी दारात होते. वळताना ती रस्त्याकडं पाहत होती.

वणी काही परदेशात नाही. बस जाते, फोन आहे. मी पंधरा-वीस दिवसांनी फोन लावते. ती उचलते, नातू काय काय बोलतो ते विचारते, पाणी आलं आहे म्हणते आणि ठेवते. भिंतीपलीकडं आता एक भाडेकरू राहतो, त्याला मी अजून पाहिलेलं नाही, फक्त कुलूप पाहिलं आहे. टीव्ही बंद केला असं म्हणाले तर खोटं होईल. लावते, नाहीतर घर खायला उठतं. आवाज बंद करून लावते. चौकोनातली तोंडं हलत राहतात आणि मी जेवून घेते.

नऊ सुया वर्षभरात वापरून झाल्या. एकेक रिकामी झाली तशी मी स्वतः ओवून पाहिली. खिडकीच्या उजेडात धरली, टोक तोंडात घेतलं, पिळलं, दहादा प्रयत्न केला. मला नेढं दिसत नाही. दहावी तेवढी गोळ्यात टोचलेली आहे. तिच्या हातची शेवटची म्हणून ठेवली, असं मी मनाशी म्हणते. पण एखाद्या दुपारी फार एकटं वाटलं की ती काढते आणि दोऱ्याचं टोक ओठांना लावून पाहते. कोरडंच आहे. तारेनं ओवलेलं आहे, ओलं कशानं असणार.